देव गेला त्या वाटेनं: दिवाडीहून नार्व्याला, फेरीबोटीनं

आईच्या लग्नाची पत्रिका अजून तिच्या कपाटात आहे. 1974 सालची. कोपऱ्यांना लावलेली हळद-कुंकवाची बोटं फिकी झालीत, पण दिसतात. सगळ्यात वर मधोमध छापलंय, ॥ श्री सप्तकोटेश्वर प्रसन्न ॥. आईच्या माहेरचा हा देव. माहेर मालवणचं आणि देव गोव्यातला. आजोबांच्या वेळेपासून घरातल्या प्रत्येक पत्रिकेवर त्याचं नाव आहे, पण घरातल्या कुणी त्याला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

"लग्न झालं की बाईचा देव बदलतो म्हणतात," आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "कुळाचार बदलला, ते मी मनापासून केलं. पण ज्याचं नाव घेऊन पाटीवर पहिलं अक्षर काढलं, तो कसा बदलेल गं?"

त्याच आठवड्यात मी तिकिटं काढली.

आई बहात्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. पणजीहून टॅक्सी केली तर नार्व्याच्या देवळात सहज जाऊन येता येईल, असं मी सुचवलं. तिला ते पटलं नाही. देव मूळचा दिवाडी बेटावरचा, तिथून नदीपलीकडे नार्व्याला नेला, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. "देव पाण्यावरून गेला ना? मग आपणही दिवाडीवरनंच जाऊ." त्यामुळे आमचा सगळा प्रवास रेल्वे, बस आणि फेरीबोटीनं ठरला. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. वयस्कर माणसाला घेऊन कुणाला असं जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात लिहिते आहे.

पहिला दिवस, शनिवार: करमळी, पणजी, चोडण

शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली. आईला खालचा बर्थ मिळाला होता. सकाळी जाग आली तेव्हा कुडाळ मागे पडलं होतं. थिवी गेल्यावर मी आईला खिडकीशी बसवलं, कारण करमळीच्या आधी गाडी मांडवीवरून जाते. पूल आला, गाडीचा आवाज बदलला आणि दोन्ही बाजूंना रुंद, संथ, मातकट-हिरवं पाणी पसरलं. आईनं हात जोडले.

करमळी स्टेशन छोटं आणि शांत आहे. शेजारीच करमळीचं मोठं तळं आहे, हिवाळ्यात तिथे पक्षी उतरतात. स्टेशनबाहेर पायलट उभे असतात. पायलट म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी, ही गोव्याची खास सोय. एकट्या माणसाला ती झकास, पण आईला मागे बसवण्याचा प्रश्नच नव्हता. रिक्षानं जुन्या गोव्याच्या थांब्यापर्यंत आलो आणि पणजीची बस धरली.

ती नेमकी कदंबची निघाली. बसच्या अंगावर डरकाळी फोडणारा सिंह असतो, तो आईला दाखवला. हा सिंह गोव्याच्या कदंब राजांचं राजचिन्ह. गोव्याची सरकारी बससेवा 1980 मध्ये सुरू झाली, तिनं नावही त्यांचंच घेतलं आणि चिन्हही. हे कदंब सप्तकोटीश्वराचे भक्त. 'सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला' असं बिरुद ते लावत आणि ते त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही आहे. आईनं हे लक्ष देऊन ऐकलं. मग कंडक्टरकडून तिकीट घेतलं, त्यावरचं 'कदंब' वाचलं आणि पर्समध्ये पत्रिकेशेजारी ठेवून दिलं. पत्रिका तिनं सोबत आणली आहे हे मला तेव्हा कळलं.

रायबंदर ते पणजी हा रस्ता बसच्या खिडकीतून आवर्जून पाहावा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी, आणि मधून जाणारा लांबलचक सरळ बांध. पोर्तुगीजांनी तो 1630च्या दशकात घातला. लिन्यारिश या व्हाइसरॉयचं नाव त्याला आहे. जवळपास चारशे वर्षं झाली, आजही त्यावरून बस धावते.

पणजीत खोलीचा घोळ झाला. फोनवर दोनदा विचारून तळमजल्याची खोली ठरवली होती. प्रत्यक्षात तिसरा मजला मिळाला आणि लिफ्ट नाही. आई पहिल्याच जिन्यावर थांबली. तासभर शोधाशोध करून दुसरीकडे सोय केली. वयस्कर माणूस सोबत असेल तर खोलीचा मजला लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका.

दुपारी आई थोडी पडली आणि चारनंतर आम्ही रायबंदरला गेलो, चोडण बेटाची फेरी घ्यायला. खरं सांगायचं तर ही रंगीत तालीम होती. आईला फेरीबोटीत चढायला जमतं का, हे मला आधी बघायचं होतं.

गोव्याची फेरीबोट म्हणजे तरंगता सपाट पत्रा. पुढे मोठी फळी असते, साखळदंडांवर खाली येते आणि धक्क्याच्या उतारावर टेकते. त्या फळीवरून आधी माणसं उतरतात, मग दुचाक्या, मग गाड्या, आणि त्याच क्रमानं नवी माणसं आत. भरतीला फळी जवळजवळ आडवी लागते, ओहोटीला तिला उतार येतो आणि धक्क्याचा खालचा भाग शेवाळानं बुळबुळीत असतो. गुडघेदुखीवाल्या माणसासाठी भरतीची वेळ बघून जाणं हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही गेलो तेव्हा पाणी चढलेलं होतं. आई माझा हात धरून सहज आत गेली आणि कडेच्या बाकड्यावर बसली. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, हे ऐकून तिनं पुढे केलेली दहाची नोट परत घेतली.

पलीकडे उतरल्या उतरल्याच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 साली ते राखीव झालं, क्षेत्र जेमतेम 1.8 चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. चिखलातून वर आलेली हजारो श्वसनमुळं खिळ्यांसारखी उभी असतात आणि त्यांच्यामधून निवट्या उड्या मारतात. आईनं निवट्या बघितल्या आणि मालवणच्या खाडीतलं तिचं बालपण बाहेर पडायला लागलं. खंड्या, बगळे, एक ब्राह्मणी घार. काळोख व्हायच्या आत परत फिरलो.

दुसरा दिवस, रविवार: जुनं गोवें आणि दिवाडी

सकाळी बसनं जुन्या गोव्याला आलो. बॉम जेझूच्या चर्चमध्ये रविवारची गर्दी होती. आईनं दारातून नमस्कार केला आणि आम्ही नदीकडे चालायला लागलो.

वाटेत, सेंट कॅजेटानच्या चर्चजवळ, एक दगडी चौकट नुसतीच उभी आहे. आदिलशहाच्या वाड्याचं हे दार. वाडा गेला, दार उरलं. त्याच्या खांबांवरचं नक्षीकाम पाहिलं की हा दगड आधी एखाद्या देवळाचा होता हे लगेच लक्षात येतं. पुढे व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय होऊन आला, त्यानं पणजोबांच्या स्मरणार्थ ती बांधली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरला की याच कमानीतून शहरात शिरायचा. आम्ही उलटे निघालो होतो. कमानीतून खाली गेलं की समोरच फेरीचा धक्का.

दिवाडीची फेरी पाच-सात मिनिटांची. रविवार असल्यानं बोटीत मासळीच्या टोपल्या नव्हत्या. इस्त्रीच्या कपड्यांतली कुटुंबं होती, आणि एक पोदेर होता, सायकलला पावांची मोठी टोपली बांधलेला. मध्य पात्रात आल्यावर मागे वळून पाहिलं. जुन्या गोव्याची चर्चं माडांच्या वर डोकी काढून उभी होती. ज्या शहराची तुलना एकेकाळी लिस्बनशी होत असे ते शहर झाडीत गेलंय आणि धक्क्यावर एक चहाची टपरी आहे.

दिवाडीचं जुनं नाव दीपवती. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं ते मुख्यतः तिसवाडी, त्यातच ही बेटं आली. 1540 नंतर तिसवाडीतली देवळं पाडली गेली. ज्यांना जमलं त्यांनी आपापले देव उचलले आणि नदी ओलांडून पलीकडे नेले, कारण फोंडा आणि डिचोली हे भाग तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते. ते त्यांना अठराव्या शतकात मिळाले. म्हणून गोव्यातल्या कितीतरी देवळांचं मूळ गाव एक आणि आजचं ठिकाण दुसरं असतं. खांडोळ्याचा गणपती मूळ दिवाडीचा. माशेलचा देवकीकृष्ण मूळ चोडणचा. कालच्या बेटावरचा!

धक्क्यापासून बेटावरच्या पियेदादे गावाला जाणारी छोटी बस उभी होती. रस्ता खाजनातून जातो आणि मला या बेटावर सगळ्यात जास्त वेळ इथेच थांबावंसं वाटलं. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवून केलेली शेती. समुद्राच्या पातळीला, काही ठिकाणी त्याच्याही खाली असलेली ही भातजमीन माणसांनी चिखल-मातीचे बांध घालून राखलेली आहे, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून. खारटपणा सोसणारं कोरगुट भात इथलं. कापणी उरकली होती आणि रोपांच्या खुंटांमधून बगळे फिरत होते.

दुपारी आई झोपल्यावर मी एकटी चालत परत खाजनात आले, मानस बघायला. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. दगडी भिंतीत बसवलेली लाकडी फळ्यांची झडप, बस. भरती चढली की नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपोआप मिटते, शेतात खारं पाणी शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं आणि झडप उघडून पावसाचं पाणी नदीत जातं. मी अगदी जवळ बसून बघितलं. फळ्यांवर शिंपले चिकटलेले, कडेच्या दगडांवर खेकड्यांची पिल्लं, आणि ओहोटीची वेळ असल्यानं झडप हातभर उघडी. त्या फटीतून पाणी जीभ काढल्यासारखं बाहेर पडत होतं. तोंडाशी जाळं लावून ठेवलं होतं. बांधावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यानं सांगितलं की मानशीवरची मासळी धरायच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची दुरुस्ती निघते. मग म्हणाला, "बांद फुटलो जाल्यार सगळेंच गेलें." हल्ली बांध वेळेवर भरले जात नाहीत, तरणी पोरं शेतात उतरत नाहीत, हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. एक बांध फुटला तर पुढची कित्येक वर्षं त्या जमिनीत खारेपण राहतं. इतक्या शहाणपणानं उभी केलेली गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत ढासळली तर आपण पुढच्यांना काय सांगणार, हे मला तिथे फार लागलं.

संध्याकाळी आम्ही पियेदादेच्या टेकडीवर गेलो. अवर लेडी ऑफ कंपॅशनचं पांढरंशुभ्र चर्च टेकडीच्या माथ्यावर आहे. इथे पूर्वी गणपतीचं देऊळ होतं. अंगणातून नदी, खाजनं, पलीकडचं जुनं गोवें, सगळं एका नजरेत येतं. पण मला आईला दाखवायची होती ती शेजारची दफनभूमी. तिथल्या छोट्या चॅपेलमध्ये जुन्या देवळाचं कोरीव दगडकाम टिकून आहे, कदंबकाळातलं. आईनं मान वर करून छताकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर येताना थडग्यांवर वितळून घट्ट झालेलं मेण दिसलं. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, लोक इथे येऊन मेणबत्त्या लावतात. एका थडग्यावरची झेंडूची माळ वाऱ्यानं सरकली होती, आईनं ती नीट केली.

रात्री मुक्काम दिवाडीवरच केला, एका घरात. घरमालकीण ख्रिश्चन, आईच्याच वयाची. ती कोंकणीत बोलायची, आई मालवणीत उत्तर द्यायची आणि दोघींचं एक अक्षरही अडलं नाही. सकाळी देवदर्शन म्हणून आईला मासे नको होते. त्यावर तिनं काही विचारलं नाही, अळसांद्याचं तोणाक केलं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची वाटलेल्या खोबऱ्याची उसळ, आणि सोबत उंडे, गोव्याचे पाव. सप्तकोटीश्वराला जाणार हे ऐकून ती म्हणाली, "तुमचो देव हांगासून गेलो." मग क्षणभर थांबून, "आमचेय पूर्वज तेन्ना हांगाच आशिल्ले." दोघी बराच वेळ पडवीत बसल्या होत्या. ऑगस्टमधल्या बोंदेरांच्या सणाबद्दल, झेंड्यांच्या मिरवणुकीबद्दल, दुबईला असलेल्या मुलाबद्दल. मी झोपायला गेले तरी आवाज येत होता.

तिसरा दिवस, सोमवार: जुनं नार्वे, नदी, नार्वे

सोमवार मी मुद्दाम धरला होता, शंकराचा वार म्हणून.

घरमालकिणीनं रिक्षावाल्याला फोन करून बोलावलं आणि पिशवीत चार उंडे बांधून दिले. आईनं निघताना तिचे दोन्ही हात हातात घेतले. "देव बरें करूं," ती म्हणाली आणि आईनंही तेच म्हटलं.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुनं नार्वे. इथे सप्तकोटीश्वराचं मूळ देऊळ होतं. कथा अशी की सप्तर्षींनी इथे सात कोटी वर्षं तप केलं, तेव्हा सात धातूंच्या लिंगरूपानं शंकर प्रकटला. बाराव्या शतकात कदंबांनी इथे मोठं देऊळ बांधलं. चौदाव्या शतकात बहमनींच्या स्वारीत ते पडलं. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभारलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. आज त्या जागी मेरीचं एक छोटं चॅपेल आहे आणि झाडीत लपलेलं कोटितीर्थ.

तळं बघायला थोडं उतरावं लागतं. आईला मी काठाशीच दगडावर बसवलं. चिऱ्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, काही सरकलेल्या, फटींतून नेचे. काठाच्या भिंतीत छोटे छोटे कोनाडे, एकेका पणतीपुरते किंवा एकेका मूर्तीपुरते, आता सगळे रिकामे. पाण्यावर पानं पसरलेली आणि कुठेतरी भारद्वाज हुंकारत होता. बाकी आवाज नाही. आईनं विचारलं, "इथेच होता?" मी हो म्हटलं. तिनं उठून, माझ्या खांद्यावर भार देत, तीन पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला. हातातलं पाणी डोळ्यांना लावलं.

तिथून फेरीचा धक्का जवळ आहे. या दुसऱ्या फेरीवर पर्यटक म्हणून आम्ही दोघीच होतो. शाळेची मुलं होती, गणवेशातली, दप्तरं पायाशी टाकून रेलिंगला टेकलेली. एक बाई केळीचा घड घेऊन, दोन पायलट, एक औषधांची पेटी घेतलेला माणूस. फळी वर गेली, दोर सुटला, इंजिनाची धडधड तळपायातून जाणवायला लागली. आई बाकावर बसली नाही. रेलिंग धरून उभी राहिली, तोंड पलीकडच्या काठाकडे.

सांगतात ते असं: देऊळ पाडल्यावर लिंग विहिरीच्या काठाला लावलं होतं, पाणी ओढताना दोर त्यावरून जावा म्हणून. डिचोलीच्या सूर्यराव सरदेसाईंनी ते गुपचूप काढून आणलं आणि नदीपार केलं. कोणत्या बोटीत, कोण कोण होतं, रात्र होती की पहाट, कुठेच लिहून ठेवलेलं नाही. पण सोबत तीन-चार तरी नावाडी असणार. त्यांनी काठाकडे बघत, आवाज न करता वल्ही मारली असणार. वजनदार दगड, छोटी होडी, आणि पकडलं गेलं तर काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक. मी आईला हे काही बोलले नाही. ती तेच बघत होती.

पाचेक मिनिटांत फळी नार्व्याच्या धक्क्यावर टेकली. मुलं पळत सुटली. इथून देऊळ चालत जाण्यासारखं आहे, पण आईच्या गुडघ्यांना नाही. नेमकी रिक्षा नव्हती. केळीवाल्या बाईनं आम्हाला तिच्या पुतण्याच्या पिकअपमध्ये पुढे बसवलं आणि स्वतः मागे घडाशेजारी उभी राहिली.

देऊळ पाहिलं की पहिल्यांदा वाटतं ते हे की किती साधं आहे. डोंगराच्या पायथ्याशी, गर्द झाडीत, उतरत्या कौलांचं, शिखराऐवजी घुमट असलेलं. समोर दीपस्तंभ. हे देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं बांधलं. प्रवेशद्वारावरच्या शिलालेखात शके 1590, कार्तिक कृष्ण पंचमी, म्हणजे 1668 साल कोरलेलं आहे आणि 'श्रीशिवराज्ञा' देवालयाचा प्रारंभ झाल्याचं म्हटलं आहे. वारही दिलाय: सोमवार. मी आईला तो शब्द दाखवला. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला आयुष्यभर पुरेल. अलीकडे गोवा सरकारनं देवळाचा जीर्णोद्धार केला आणि 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. नवेपणा थोडा डोळ्याला जाणवतो, पण कौलं, घुमट, जुना घाट राखलाय, हे फार चांगलं झालं.

गाभाऱ्यातलं लिंग धारालिंग आहे. गोल गुळगुळीत नसतं ते, उभ्या धारा असतात त्याला, पैलू पाडल्यासारख्या. समईच्या उजेडात प्रत्येक धारेची एक कड उजळते आणि पुढची अंधारात राहते. अभिषेकाचं पाणी त्या पन्हळींमधून वेगवेगळं उतरत होतं. आई उंबरठ्याबाहेर जमिनीवर बसली. गेले दोन महिने ती जमिनीवर बसली नव्हती, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. मी काही म्हटलं नाही.

पूजा झाल्यावर तिनं पर्स उघडून पत्रिका काढली आणि पुजाऱ्यांना दाखवली. "आमच्याकडे सप्तकोटेश्वर छापलंय. इथे पाटीवर सप्तकोटीश्वर आहे. छापखान्याची चूक का हो?"

पुजाऱ्यांनी पत्रिका समईजवळ नेऊन नीट वाचली. "चूक कसली, माये. सात कोटींचा ईश्वर तो सप्तकोटीश्वर. लोकांच्या तोंडी सप्तकोटेश्वर. दोन्ही हाकांना तो ओ देतो." मग पत्रिकेतली सगळी नावं वाचली, आजोबा, आजी, मोठे मामा, आणि विचारलं, "यातले आता कोण कोण आहेत?"

"मी," आई म्हणाली. "आणि धाकटा भाऊ."

त्यांनी पत्रिका तळहातावर ठेवून देवाच्या पायरीला टेकवली, वर बेलाचं पान ठेवलं आणि परत दिली.

दुपारी देवळातच, सावलीला बसून, उंडे आणि केळी खाल्ली. केळी त्याच बाईंनी दिलेली, पैसे घेतले नाहीत. देवळाच्या आवारात काम करणाऱ्या एका काकांनी सांगितलं की गोकुळाष्टमीला इथे नदीवर पंचगंगा तीर्थात स्नानाला मोठी गर्दी होते. बस धरून डिचोलीला आलो, तिथून पणजी. आई बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली.

चौथा दिवस, मंगळवार: माशेल, खांडोळा, परत

गाडी संध्याकाळची होती, म्हणून सकाळी पणजीहून बाणस्तारी मार्गे माशेलला गेलो. देवकीकृष्णाच्या देवळात देवकीच्या कडेवर बाळकृष्ण आहे. कृष्णाबरोबर यशोदा नसून देवकी, अशी मूर्ती मी आणखी कुठे पाहिलेली नाही. चोडणहून आधी मयेला आणि मग माशेलला असा या मायलेकरांचा प्रवास झाला. आषाढात देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला होतो, अख्खं गाव चिखलात खेळतं. खांडोळ्याला गणपतीचं दर्शन झालं, दिवाडीच्या टेकडीवरून आलेल्या.

करमळीला अंधार पडताना पोचलो. तळ्यावरून बगळ्यांचे थवे घराकडे चालले होते. गाडीत बसल्यावर आईनं मालवणला धाकट्या मामाला फोन लावला. गाडी मांडवीच्या पुलावर आली, काळ्या पाण्यावर दूर कुठेतरी एका बोटीचा दिवा हळू सरकत होता, आणि आई फोनवर मोठ्यानं सांगत होती, "नाही रे, टॅक्सी नाही केली. बोटीनंच गेलो. एकट्या कुठे, भरलेली होती बोट. शाळेची मुलं होती."